गरोदरपणातील मधुमेहाची आनुवंशिकता

आधी मधुमेह नसलेल्या स्त्रीची रक्तशर्करा गरोदरपणात ठरावीक मर्यादेपलीकडे वाढली, तर त्या स्थितीला गर्भावस्थेतील मधुमेह म्हणतात. भारत सरकारच्या मार्गदर्शिकेनुसार ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजल्यावर दोन तासांनी शर्करा डेसिलिटरला १४० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक भरली की निदान होते. या तपासणीसाठी उपाशीपोटी असण्याची अट नाही.

वारेतून (प्लॅसेंटातून) स्रवणारी संप्रेरके आईच्या शरीरात इन्सुलिनचा प्रभाव कमी करतात. त्याची भरपाई म्हणून स्वादुपिंडातील बीटा पेशींना नेहमीपेक्षा कितीतरी जास्त इन्सुलिन तयार करावे लागते. बहुतेकींना ते जमते. ज्यांना जमत नाही, त्यांच्या बीटा पेशींची क्षमता बहुधा आधीपासूनच तोकडी असते. जनुकांचा हात मुख्यतः इथे दिसतो. त्यामुळे ‘गरोदरपणामुळे शुगर झाली’ हे अर्धेच खरे आहे.

या आजाराशी जोडली गेलेली बरीच जनुके प्रकार २ च्या मधुमेहाचीही आहेत. २००६ मध्ये आइसलँडच्या संशोधकांनी दाखवून दिलेले टीसीएफ७एल२ हे त्यांतले ठळक. पुण्यातील केईएम रुग्णालय आणि हैदराबादचे पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्र (सीसीएमबी) या संस्थांच्या संशोधकांनी भारतीयांमध्येही त्याचा प्रकार २ शी संबंध नोंदवला. एमटीएनआर१बी या जनुकाची गोष्ट मात्र थोडी वेगळी. मेलाटोनिन या निद्रेशी निगडित संप्रेरकाचा ग्राही, म्हणजे त्याचा संदेश पकडणारे पेशीवरचे प्रथिन, त्यावरून घडतो. त्याच्या एका रूपामुळे बीटा पेशींवर हा ग्राही वाढतो, इन्सुलिन कमी स्रवते आणि उपाशीपोटीची शर्करा चढते. त्याचा प्रभाव प्रकार २ पेक्षा गर्भावस्थेतील मधुमेहात अधिक जाणवतो. कोरियन स्त्रियांच्या २०१२ मधील जनुकसंच-अभ्यासात हेच जनुक आणि सीडीकेएएल१ पुढे आले होते. २०२४ मध्ये फिनलंडमधील १२,००० हून अधिक रुग्ण स्त्रियांच्या अभ्यासात १३ जनुकस्थाने सापडली. त्यांतली काही प्रकार २ शी सामाईक, तर काहींचा रोख प्रामुख्याने गरोदरपणाकडेच होता. यातले प्रत्येक रूप धोका थोडाच वाढवते. म्हणून रोजच्या व्यवहारात ‘आईला किंवा वडिलांना शुगर आहे का?’ हा प्रश्न अजून तरी महागड्या जनुकचाचणीपेक्षा उपयोगी पडतो.

एकाच जनुकातील दोषाने होणारा मधुमेह हा याला अपवाद. जीसीके जनुक बीटा पेशींना शर्करेची पातळी ओळखायला मदत करते. त्यात दोष असला की उपाशीपोटीची शर्करा जन्मापासूनच १०० ते १४५ च्या आसपास राहते. एरवी तिला औषध लागत नाही, आणि कित्येकींना ती पहिल्यांदा कळते ती गरोदरपणातच. पुढचा सारा निर्णय बाळाने हा दोष घेतला आहे की नाही यावर ठरतो, शक्यता निम्मी-निम्मी. घेतला नसेल, तर आईच्या जादा साखरेवर बाळ जास्त इन्सुलिन तयार करून वाजवीपेक्षा मोठे होते. घेतला असेल, तर ते आईइतक्याच शर्करेवर ठीक वाढते. अशा वेळी आईला इन्सुलिन देऊन शर्करा खाली ओढली, तर उलट बाळ लहान राहू शकते. म्हणून डॉक्टर सोनोग्राफीत बाळाच्या पोटाचा घेर पाहून अंदाज बांधतात. एचएनएफ४ए जनुकाचा दोष मात्र बाळात उतरला की ते वजनाने मोठे जन्मते आणि जन्मानंतर त्याची शर्करा घसरू शकते.

वार पडली की शर्करा बहुधा लवकर मूळ पातळीवर येते, पण जनुके आणि बीटा पेशींची तोकडी क्षमता तशीच राहते. अशा स्त्रियांना पुढे प्रकार २ होण्याची शक्यता इतर बाळंतिणींच्या तुलनेत सात ते दहा पट असते. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ग्लुकोजची तपासणी करायला सांगतात ती यासाठीच. नेमके तेव्हा घरच्यांचे लक्ष बाळाच्या लसीकडे असते आणि आईची तपासणी राहून जाते. खरे तर दोन्ही कामे एकाच फेरीत होण्यासारखी आहेत. अमेरिकेच्या मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमात, पूर्वी गर्भावस्थेतील मधुमेह झालेल्या आणि शर्करा सीमारेषेवर असलेल्या स्त्रियांमध्ये साधारण १० वर्षांत आहार-व्यायामाने प्रकार २ चे प्रमाण ३५ टक्क्यांनी, तर मेटफॉर्मिन या मधुमेहावरील औषधाने ४० टक्क्यांनी घटले. असा पूर्वेतिहास नसलेल्या स्त्रियांना आहार-व्यायामाचा लाभ झाला, मेटफॉर्मिनचा झाला नाही.