चार्जिंग कन्व्हर्टर (कोकण किनारा)

तारेतून येणारी एसी (सतत दिशा बदलणारी) वीज विद्युत वाहनाच्या बॅटरीला चालेल अशा डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या) विजेत बदलणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण. घरगुती चार्जिंगमध्ये ते गाडीतच असते, भिंतीवरची पेटी फक्त वीज पुरवते. जलद चार्जिंगमध्ये ते बाहेरच्या कपाटात असते.

पहिला टप्पा एसीची डीसी करतो व शक्तिगुणक (घेतलेल्या प्रवाहाचा किती भाग खरोखर कामी येतो त्याचे माप) १ च्या जवळ ठेवतो. दुसऱ्यात ती डीसी वेगवान स्विचांनी तोडून छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून नेतात आणि पुन्हा डीसी करतात. त्यामुळे बॅटरी मुख्य पुरवठ्यापासून विलग राहते. प्रत्येक उघडझापीत थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते. स्विचवरचा विद्युतदाब (व्होल्टेज) शून्यावर असतानाच तो चालू करणे आणि सिलिकॉनऐवजी सिलिकॉन कार्बाइडचे मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) वापरणे, हे दोन उपाय त्यावर रूढ आहेत.

कार्यक्षमता ९४ वरून ९७ टक्के होणे कागदावर किरकोळ दिसते. पण ६० किलोवॅटच्या चार्जरमध्ये वाया जाणारी उष्णता त्याने सुमारे ३.८ वरून १.९ किलोवॅटवर, म्हणजे निम्म्यावर येते. कोकणात वीजबिलातल्या बचतीपेक्षा हेच मोलाचे. उष्णता काढायला पंखे बाहेरची हवा आत ओढतात आणि किनाऱ्याच्या हवेत मीठ असते. आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ ओलावा शोषून पाझरते. सर्किटवर वीजवाहक थर बसतो, तांबे गंजते. मालवण-गुहागरकडे अशी हवा पावसाळाभर असते. उष्णता कमी असेल तर पंख्याविना बंद पेटी किंवा द्रवशीतन (द्रव फिरवून थंड करणे) परवडते; नाहीतर सर्किटवर संरक्षक लेप आणि वरचेवर जाळी साफ करणे आलेच. गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर चाकरमान्यांची रांग लागते, चार्जरला उसंत नसते, आणि तापलेला कन्व्हर्टर स्वतःला वाचवण्यासाठी आपणहून शक्ती घटवतो. रांग आणखी लांबते.

वाडीवस्तीच्या लांब लाइनवर विद्युतदाब घटतो, ही दुसरी अडचण. २३० ऐवजी १९० व्होल्ट मिळाले तर तेवढीच शक्ती घेताना प्रवाह सुमारे २१ टक्क्यांनी वाढतो आणि तारांत वाया जाणारी ऊर्जा जवळपास दीडपट होते. घरी रात्री, इतर भार कमी असताना गाडी लावणे म्हणून बरे. अर्थिंग मात्र आधी तपासून घ्यावे.

काही कन्व्हर्टर उलटेही चालतात व गाडीतली वीज घराला देतात. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीतली अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. दिवे-पंख्यांचा भार ३०० वॅट धरला, तर ३० किलोवॅट-तासांची भरलेली बॅटरी तो सुमारे चार दिवस ओढू शकते.