युगांडातली बियाणेवाली बाई आणि न उगवणाऱ्या मक्याचं कोडं

२०१७ मध्ये युगांडाबद्दल एक अभ्यास छापून आला आणि जाम गाजला. संशोधकांनी गावोगावच्या दुकानांतून हायब्रीड मक्याचं बियाणं विकत घेतलं, पेरून बघितलं, आणि त्यांचा अंदाज असा निघाला की पिशवीतलं निम्मं बियाणंसुद्धा अस्सल हायब्रीड नसावं. आपल्याकडे याला बोगस बियाणं म्हणतात, २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून केवढा गोंधळ झाला होता ते आठवत असेल.

पण २०२० मध्येच आणखी एक अभ्यास आला, त्यात कंपनीपासून दुकानापर्यंत प्रत्येक टप्प्यावर नमुने घेऊन डीएनए तपासला होता, आणि जनुकं बऱ्यापैकी जशीच्या तशी निघाली, भेसळीचा पुरावा काही सापडला नाही. मग माशी शिंकली कुठे? तर साठवणीत आणि हाताळणीत.

बियाणं म्हणजे जिवंत गर्भ असतो हे आपण विसरतो. दाणा श्वास घेतो, साठवलेलं अन्न थोडं थोडं जाळत राहतो, आणि ओलावा नि उष्णता वाढली की हा खर्च वाढतो. बियाणेवाल्यांचा एक जुना ठोकताळा आहे: दाण्यातला ओलावा १ टक्क्याने कमी केला की आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान ५ अंशांनी उतरवलं तरी पुन्हा दुप्पट. (एका मर्यादेतच हं, वाळवून वाळवून अमर नाही करता येत.) म्हणजे पत्र्याच्या टपरीत उन्हात पडून राहिलेली पिशवी वरून सीलबंद, लेबल खरं, आणि आतला दाणा अर्धमेला. शेतकरी मात्र म्हणणार फसवलं, आणि पुढच्या वर्षी घरातलंच धान्य पेरणार. त्याचं काय चुकलं?

इथे जोसेफिन ओकोट यांची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. २००४ च्या सुमारास त्यांनी कंपालात व्हिक्टोरिया सीड्स सुरू केली. बँका आधी दारात उभं करेनात कारण तारण नाही, शेवटी अमेरिकेच्या मदतसंस्थेने हमी घेतली तेव्हा कुठे कर्ज मिळालं. २००७ मध्ये त्यांना आफ्रिकेतल्या शेतीसाठी दिला जाणारा यारा पुरस्कार मिळाला. पण पुरस्कारापेक्षा मला त्यांचं गुलूमधलं बियाणं प्रक्रिया केंद्र जास्त इंटरेस्टिंग वाटतं. गुलू म्हणजे उत्तर युगांडा, तिथे वीसेक वर्षं यादवी चालली, लाखो लोक छावण्यांत राहिले, आणि इतकी वर्षं शेत पडीक राहिलं की घरचं बियाणं कुठून उरणार! अशा ठिकाणी वाळवणी, प्रतवारी, पॅकिंग शेताजवळच होऊ लागलं की दाण्याचा प्रवासही कमी आणि दुकानात सडणंही कमी.

बीजोत्पादन व्हिक्टोरिया सीड्स स्वतः करत नाही, आसपासच्या छोट्या शेतकऱ्यांशी करार करते, त्यात बायका भरपूर. हायब्रीड मक्याचं काम तर डोळ्यात तेल घालून करायचं असतं. नराच्या ओळी वेगळ्या, मादीच्या वेगळ्या, आणि मादीच्या झाडाचा तुरा (म्हणजे नर फुलोरा) पराग सुटायच्या आत उपटायचा, म्हणजे त्या दिवसांत रोज सकाळी ओळीओळीने फिरायचं, एकही तुरा राहिला की स्वतःच्याच परागाने दाणा भरला, मग कसलं हायब्रीड! शिवाय साधारण २०० मीटरच्या आत दुसरा मका नको, वाऱ्याला बांध कळत नाही. अर्धा-एक एकरवाल्यांनी हे जमवायचं तर शेजारणींना एकत्र येऊन ठरवावंच लागतं, एकटीदुकटीचं काम नाही.

बरं, आफ्रिकेत ८० टक्के अन्न बायका पिकवतात असं एक वाक्य सगळीकडे फिरतं, ते जपून घ्या. सहा देशांत नीट मोजलं तेव्हा पिकावरच्या कष्टांतला बायकांचा वाटा सरासरी ४० टक्के निघाला, नायजरमध्ये २४ आणि युगांडात मात्र ५६. म्हणजे युगांडात निम्म्याहून जास्त राबणारी बाईच, पण जमिनीच्या कागदावर तिचं नाव क्वचितच, आणि कागद नाही तर कर्ज नाही. ओकोट यांना जे बँकेत ऐकावं लागलं तेच त्यांच्या बीजोत्पादक बाईलाही ऐकावं लागतं, फक्त आकडा लहान.

केनियात नाकुरूकडे जेनी लीकी यांच्या लेलडेट कंपनीने वेगळी युक्ती केली, मोठ्या पिशवीऐवजी अगदी चिमुकली पाकिटं काढली, त्यात तूरसुद्धा. पैसे थोडे, त्यामुळे जोखीम थोडी, आधी कोपऱ्यात लावून बघ, आवडलं तर पुढच्या हंगामात जास्त घे. एकदा हात पोळलेल्या शेतकऱ्याचा भरवसा मिळवायला मला तरी हीच रीत सगळ्यात शहाणपणाची वाटते.

अर्थात बियाणं चांगलं असलं म्हणजे सगळं झालं असंही नाही. पूर्व आफ्रिकेतली पुष्कळ तूर भारतात येते, २०१६ मध्ये भारताने मोझांबिकशी खरेदीचा करारच केला होता. पुढच्याच वर्षी इथे तूर एवढी पिकली की महाराष्ट्रात खरेदी केंद्रांवर रांगा लागल्या, सरकारने आयातीवर मर्यादा घातली आणि तिकडे मोझांबिकमध्ये तुरीचा भाव कोसळला.