सारांश आणि टिपण: कादंबरीच्या अभ्यासातील दोन वेगळी कामे

जळगाव, धुळे, नंदुरबारकडील महाविद्यालयांत मराठी विषय घेतलेल्या विद्यार्थ्यांच्या वह्यांमध्ये ‘प्रकरणाचा सारांश’ आणि ‘प्रकरणावरील टिपण’ ही दोन शीर्षके अनेकदा एकाच मजकुरावर दिलेली असतात. वास्तविक ही दोन निराळी कामे आहेत. सारांशात काय घडले एवढेच क्रमाने येते. टिपणात ते कोण सांगत आहे, कशा भाषेत सांगत आहे आणि सांगणारा कोठे रेंगाळतो, याची वाचकाने स्वतः केलेली नोंद येते. दहा जणांनी लिहिलेला सारांश जवळपास सारखाच उतरतो, आणि तसाच तो उतरायला हवा. दोघांची टिपणे मात्र तंतोतंत जुळली, तर एकाने दुसऱ्याची वही उतरवली आहे असे खुशाल समजावे.

अमळनेरला काही वर्षे शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ सारांशाला त्यातल्या त्यात सोयीची आहे, कारण तिच्या 42 रात्रींपैकी (तिच्या प्रकरणांना ‘रात्र’ असे नाव आहे) बहुतेक रात्री एकेका प्रसंगापुरत्या आहेत. आंघोळीनंतर ओल्या तळव्यांना माती लागेल म्हणून लहानगा श्याम हट्ट धरतो, आई आपले लुगडे धोंड्यावर पसरते, आणि पायांना जपतोस तसेच मनाला घाण लागू नये म्हणूनही जप, असे त्याला सांगते. सारांश येथे संपतो. टिपण मात्र पुढे विचारते की, ही हकिकत मोठा झालेला श्याम आश्रमातील मित्रांना सांगत असताना त्यातील बोध आईच्या वाक्यातून अधिक पोहोचतो, की तिने कुरकुर न करता लुगडे पसरले त्या कृतीतून? गाइडमध्ये आश्रमातील ही श्रोतेमंडळी बहुधा गाळलेलीच असतात.

यावल तालुक्यातील सांगवीच्या भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’पाशी (1963) सारांशाची खरी पंचाईत होते. खानदेशातील खेड्यातला पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला जातो, तेथे काही धड जमत नाही आणि तो गावी परततो. घटनाक्रम म्हणून यात चूक काहीच नाही, पण एवढ्यावर ही कादंबरी इतकी का वाचली गेली हे कोणालाही कळणार नाही. तिचा एक भाग रोजनिशीच्या रूपात आहे. तेथे सलग कथानक शोधू लागलो तर नोंदींचा तुटकपणा हाच दोष वाटू लागतो. धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने दगावते, हे सारांशात अर्ध्या ओळीत येते. टिपणात त्यासाठी पानभर जागा सोडावी, आणि एरवी ‘उदाहरणार्थ’, ‘वगैरे’ म्हणत प्रत्येक गोष्टीपासून अंतर राखणाऱ्या पांडुरंगाची भाषा त्या मृत्यूपाशी कशी होते, हे पृष्ठक्रमांकासह नोंदवावे.

सारांश टाकाऊ आहे असा याचा अर्थ नाही. चारशे पानांची कादंबरी महिन्यापूर्वी वाचलेली असली, तर कोणता प्रसंग आधीचा आणि कोणता नंतरचा हे पेपरच्या आदल्या रात्री तोच सांगतो. मात्र तो प्रकरण वाचून झाल्यावर, पुस्तक मिटून, स्वतः लिहावा. टिपण पुस्तक उघडे ठेवूनच करावे. वाचनाआधी गाइडमधील सारांश पाहिला, की डोळे त्यात आलेले प्रसंगच शोधत पाने उलटतात आणि टिपणासाठी काही उरत नाही. प्रश्न ‘कथानक थोडक्यात लिहा’ असा असेल तेव्हा सारांशावर निभावते. ‘निवेदनपद्धतीचे विवेचन करा’ असा प्रश्न आला, तर उत्तराला लागणारी उदाहरणे टिपणाच्या वहीतूनच काढावी लागतात.