देणगीची पावती आणि १० बीई : पार्श्वभूमी

मार्चअखेर उरकली की ट्रस्टच्या हिशेबनिसाला पूर्वी थोडी उसंत मिळायची. आता ३१ मे डोक्यावर असतो. एप्रिलच्या मध्यापासून कोल्हापुरातल्या शिक्षणसंस्था, वसतिगृहं, रुग्णसेवेचे ट्रस्ट यांच्या कार्यालयांतून देणगीदारांना फोन सुरू होतात. "काका, गेल्या ऑगस्टमध्ये आपण पाच हजार दिले होते, तेवढा पॅन नंबर सांगता का?" पलीकडून हमखास येणारं उत्तर: "पॅन कशाला पायजे? पावती दिलीया की तुम्ही!" पावती दिलेली असते हे खरंच. पण १ एप्रिल २०२१ नंतरच्या देणगीवर आयकरात वजावट मिळवायला ती पुरत नाही. संस्थेने वर्षाच्या देणग्यांचं विवरणपत्र, म्हणजे १० बीडी, ३१ मेपर्यंत आयकर खात्याच्या पोर्टलवर भरायचं आणि त्यातून निघणारं १० बीई प्रमाणपत्र देणगीदाराला द्यायचं, हा आताचा नियम.

जुना काळ थोडक्यात. संस्थानकाळात इथे जातवार वसतिगृहं उभी राहिली, त्यांना दरबारातून जागा आणि नेमणुका (ठरलेली अनुदानं) मिळाल्या, व्यापाऱ्यांनी भर घातली. त्या देणग्यांचा करसवलतीशी काही संबंध नव्हता. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा आला आणि धर्मादाय कार्यालयात नोंदणी, लेखापरीक्षण, बदल अर्ज हे सगळं सुरू झालं. धर्मादाय नोंदणी म्हणजे ८० जी (देणगीदाराला आयकरात वजावट मिळवून देणारी मान्यता) नव्हे, हे मात्र अजूनही कित्येक विश्वस्तांना नव्याने सांगावं लागतं. पहिली नोंदणी राज्याच्या कायद्याखाली, दुसरी मान्यता आयकर कायद्याखाली. पेठेतल्या तालमी आणि गणेश मंडळं बहुतेक वेळा पहिल्यावरच थांबतात. त्यांची वर्गणीची पावती हा वेगळाच विषय आहे.

८० जी हे कलम १९६८ पासूनचं. मान्यता ठरावीक मुदतीची, जास्तीत जास्त पाच वर्षांची असे. ती संपत आली की पुन्हा अर्ज, पुन्हा तीन वर्षांचे ताळेबंद, पुन्हा चकरा. २००९ मध्ये ही मुदतीची अट काढली गेली आणि मान्यता कायमची झाली. पुढची दहा-अकरा वर्षं संस्थांसाठी निवांत गेली. पावतीपुस्तकावर मान्यतेचा क्रमांक आणि तारीख एकदा छापली की काम झालं. २०१४ च्या फेररचनेनंतर आयकर खात्याच्या सूट विभागाचे, म्हणजे अशा संस्थांचं काम पाहणारे, आयुक्त पुण्याला बसू लागले, तरी कायमच्या मान्यतेमुळे पुण्याला जायची वेळ फारशी कोणावर येत नव्हती.

याच निवांतपणाचा गैरफायदाही घेतला गेला, हे नाकारण्यात अर्थ नाही. चेक घ्यायचा, कमिशन कापून उरलेली रक्कम रोख परत द्यायची आणि पावती फाडायची, हा धंदा देशभर चालला. सरकारने आधी रोखीवर बोट ठेवलं: २०१२ मध्ये दहा हजारांवरच्या आणि २०१७ मध्ये दोन हजारांवरच्या रोख देणगीची वजावट बंद केली. निनावी देणग्यांवर ३० टक्के कर २००६ च्या वित्त कायद्यानेच आणला होता. पण पावती खरी की खोटी, हे ताडून पाहायचं साधन खात्याकडे नव्हतं. देणगीदार विवरणपत्रात आकडा टाकायचा, संस्था आपल्या जमाखर्चात टाकायची, आणि हे दोन आकडे एकमेकांसमोर कधी येत नसत.

२०२० च्या अर्थसंकल्पाने ते समोरासमोर आणायचं ठरवलं. भाषणात आश्वासन दिलं ते सोयीचं: संस्थेने माहिती कळवली की देणगीदाराच्या विवरणपत्रात ती आपोआप भरलेली दिसेल. सोबत कायमच्या मान्यता मोडीत निघाल्या. सगळ्यांनी नव्याने अर्ज करायचा, मान्यता पुन्हा पाच वर्षांची. नव्या संस्थांना आधी तीन वर्षांची तात्पुरती. १ जून २०२० ची सुरुवात करोनामुळे १ एप्रिल २०२१ वर गेली, आणि प्रत्यक्ष नियम व नमुने अधिसूचित झाले ते २६ मार्च २०२१ ला. अंमलाला सहा दिवस उरलेले. पुनर्नोंदणीची तारीख मग इतक्यांदा वाढली की शेवटची मुदत ३० जून २०२४ पर्यंत लांबली.

कोल्हापूरच्या बाबतीत त्या पहिल्या वर्षाचा योग वाईट जुळला. जुलै २०२१ मध्ये पंचगंगेला महापूर आला. २०१९ चा अनुभव ताजा असल्यामुळे मदतही लगेच सुरू झाली: क्यूआर कोड व्हॉट्सॲपवर फिरले, पुण्या-मुंबईतल्या कोल्हापूरकरांनी पाचशे-हजार धाडले, धान्य आणि चादरींचे टेम्पो आले. नवा नियम तेव्हा लागू होऊन चार महिने होत आले होते, पण शाळेच्या खोल्यांत पूरग्रस्तांची जेवणं शिजत असताना पॅन कोण विचारणार? मे २०२२ मध्ये पहिलं १० बीडी भरायला बसल्यावर बँकेच्या उताऱ्यात यूपीआयच्या ओळीच ओळी दिसल्या. अर्धवट नाव, एक हँडल आणि रक्कम. पत्ता नाही, ओळख क्रमांक नाही. नमुन्यात पॅन किंवा आधार, ते नसेल तर पासपोर्ट, निवडणूक ओळखपत्र, वाहन परवाना, रेशन कार्ड असे पर्याय आहेत. पण काहीतरी लागतंच. धान्य-चादरींवर वजावट तशीही नव्हती. वस्तुरूप दानाला ८० जी लागू नाही, रक्कमच दिलेली हवी, हे कायद्यात १९७६ पासून स्पष्ट आहे. तरी टेम्पो पाठवणाऱ्यांनी प्रमाणपत्र मागितलंच.

वादाचा खरा मुद्दा इथून सुरू होतो. २०२० च्या दुरुस्तीने कलमाखाली एक स्पष्टीकरण जोडलं: देणगीदाराची वजावट संस्थेने कळवलेल्या माहितीच्या आधारे मंजूर होईल. म्हणजे माणसाने चेकने पैसे दिले, ते संस्थेच्या खात्यात जमा झाले, पावती मिळाली, आणि संस्थेच्या कारकुनाने त्याचा पॅन चुकवला, तर वजावट अडते ती देणगीदाराची. उशिराबद्दल संस्थेला दिवसाला २०० रुपये शुल्क आहे, ते देणगीच्या रकमेपेक्षा जास्त होत नाही; शिवाय दहा हजार ते एक लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे. दुरुस्तीचं विवरणपत्र भरता येतं, ही त्यातली बरी बाजू. खोट्या पावत्या रोखायच्या हेतूशी भांडण नाही. पण मोठ्या शहरातल्या पगारी कर्मचाऱ्यांच्या फाउंडेशनला आणि गावातल्या वाचनालयाला एकाच दोरीने बांधलं, आणि वाचनालयाचं काम संध्याकाळी दोन तास येणारा निवृत्त शिक्षक बघतो, हे नमुना तयार करणाऱ्यांच्या ध्यानात आलेलं दिसत नाही.

दुसरा प्रश्न त्याहून गुंतागुंतीचा: सगळ्याच देणग्या १० बीडीत दाखवायच्या, की ज्यांना वजावट हवी त्यांच्याच? नियम विवरणपत्राबद्दल बोलतो तेव्हा असा फरक करत नाही. त्यावरून काही लेखापाल म्हणतात, रुपयान् रुपया आला पाहिजे. दुसरे म्हणतात, दानपेटीतल्या नोटेला पॅन कुठून आणणार. ओळख क्रमांकाशिवाय ओळच भरता येत नसेल तर ती देणगी यादीबाहेर राहणं क्रमप्राप्त आहे. २०२२-२३ पासून मोठ्या संस्थांच्या लेखापरीक्षण अहवालाचा नमुना बदलला, त्यात १० बीडीत दाखवलेल्या देणग्या आणि न दाखवलेल्या देणग्या अशा वेगळ्या रकमा विचारल्या जातात. काही देणग्या यादीबाहेर राहणार, हे खात्याने धरूनच चाललंय, असा याचा सरळ अर्थ मला लागतो. तरी एकमत नाही. त्यामुळे व्यवहारात प्रत्येक संस्था आपल्या लेखापालाच्या मतावर चालते, आणि लेखापाल बदलला की पद्धत बदलते.

कोल्हापुरात यात आणखी एक स्थानिक पेच आहे. शाळेच्या खोलीला देणगी द्यायची तर ती 'कै. वडिलांच्या स्मरणार्थ'. फरशीवर नाव वडिलांचं, पावतीही त्यांच्याच नावाने मागितली जाते. चेक येतो मार्केट यार्डातल्या गुळाच्या पेढीच्या खात्यावरून. पॅन फोनवर सांगितला जातो थोरल्या मुलाचा. जुन्या पावतीत हे सगळं खपून जायचं. पोर्टलवर एका ओळीला एकच देणगीदार. पॅनचं चौथं अक्षर पाहिलं तरी घोळ कळतो: व्यक्तीचा असेल तर पी, भागीदारी पेढीचा असेल तर एफ. पैसे ज्याच्या खात्यातून आले त्याच्याच नावाने १० बीई निघायला हवं, आणि स्मरणार्थचा उल्लेख पावतीवर वेगळ्या ओळीत यावा. हे आता शहाणे कारकून देणगी घेतानाच सांगतात. ३१ मेच्या रात्री विवरणपत्र भरणाऱ्यांना आणखी एक धडा मिळाला: प्रमाणपत्र साधारण एक दिवसाने उतरवता येतं, आणि ते देणगीदाराला द्यायची तारीखही ३१ मेच आहे.

या सगळ्या खटाटोपाची गरज हळूहळू कमी होते आहे, तीही भलत्याच कारणाने. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली, वेगळा पर्याय न निवडल्यास, आपोआप लागू होणारी ठरली आणि तिच्यात ८० जीची वजावट नाही. पगारदार देणगीदार आता १० बीई फारसं मागत नाहीत. मागतात ते जुन्या प्रणालीत राहिलेले व्यापारी आणि पेढ्या. संस्थेचं बंधन मात्र तेवढंच आहे.

पहिल्या फेरीत मिळालेल्या पाच वर्षांच्या बऱ्याच मान्यतांची मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंतची होती आणि नूतनीकरणाचा अर्ज सहा महिने आधी, म्हणजे ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत द्यायचा होता. त्याच वर्षी लहान संस्थांच्या १२ एबी नोंदणीची (संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नाला करमाफी देणाऱ्या) मुदत दहा वर्षं केली गेली, ८० जीची मान्यता पाचच वर्षांची ठेवली. एकाच संस्थेच्या दोन कागदांच्या दोन तारखा. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात ८० जीची जागा कलम १३३ ने घेतली असली, तरी विवरणपत्र आणि प्रमाणपत्राचं बंधन त्यातही कायम आहे. पावतीपुस्तकं तेवढी नव्याने छापून घ्यावी लागतील.