औषधाची चिठ्ठी कोणी लिहायची? अमेरिकेतल्या एका वादाची पार्श्वभूमी

मानसशास्त्रज्ञ बोलून उपचार करतात, चाचण्या घेतात. गोळ्यांची गरज दिसली की मनोविकारतज्ज्ञाकडे, म्हणजे आधी एमबीबीएस झालेल्या डॉक्टरकडे पाठवतात. आपल्याकडे हीच रीत आहे. अमेरिकेतही ती होती, बहुतेक ठिकाणी अजून आहे. पण सात राज्यांनी जादा प्रशिक्षण घेतलेल्या मानसशास्त्रज्ञांना मनोविकारांवरची औषधं लिहून देण्याची मुभा दिली आहे.

मागणीला तोंड फोडलं एका राजकारण्याने. १९८४ मध्ये हवाईचे सिनेटर डॅनियल इनोये यांनी तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या अधिवेशनात सरळ सांगितलं की हा अधिकार मागा. दुसऱ्या महायुद्धात उजवा हात गमावल्यामुळे सर्जन व्हायचं त्यांचं स्वप्न राहून गेलं होतं. त्यांचे जुने सहकारी पॅट्रिक डीलिऑन स्वतः मानसशास्त्रज्ञ होते आणि पुढे ते मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षही झाले. या दोघांना वगळून हा इतिहास सांगताच येत नाही.

राज्यांची विधिमंडळं दाद देईनात, तेव्हा वाट निघाली लष्करातून. संसदेच्या सांगण्यावरून संरक्षण खात्याने १९९१ मध्ये प्रायोगिक प्रकल्प सुरू केला. लष्करातल्या मानसशास्त्रज्ञांना वर्गात औषधशास्त्र शिकवायचं, मग रुग्णालयात देखरेखीखाली रुग्ण तपासू द्यायचे. १९९७ मध्ये प्रकल्प गुंडाळला तोवर त्यातून बाहेर पडले फक्त दहा जण. सरकारी लेखापरीक्षकांनी हिशेब मांडला: एकूण खर्च सुमारे ६१ लाख डॉलर, म्हणजे माणशी सहा लाखांच्या वर. लष्कराला अशा माणसांची गरज असल्याचं सिद्ध होत नाही, हेही त्यांनी नोंदवलं. पण या दहा जणांच्या कामाबद्दल वरिष्ठांचं मत चांगलं होतं. त्यामुळे दोन्ही बाजू पुढे याच प्रकल्पाचा दाखला देत राहिल्या, एक बाजू सुरक्षिततेसाठी, दुसरी खर्चासाठी. खरं तर दहा निवडक माणसांवरून हजारोंबद्दल काहीच ठरवता येत नाही, पण वादाच्या भरात तेवढं थांबायला कोण तयार असतं!

१९९५ मध्ये मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने ही मागणी अधिकृतपणे उचलली. मनोविकारतज्ज्ञांची संघटना अर्थातच विरोधात उभी राहिली. (दोन्ही संघटनांची आद्याक्षरं एकच, एपीए, बातम्या वाचताना गोंधळ ठरलेला.) थायरॉइड, हृदय, मूत्रपिंड यांचं ज्ञान नसताना याच अवयवांवर परिणाम करू शकणारं लिथियमसारखं मनोविकारांवरचं औषध कसं देणार, हा त्यांचा सवाल वजनदार होता. समर्थकांचं उत्तरही तितकंच रोखठोक: नैराश्याच्या बहुतांश गोळ्या आजही साधे फॅमिली डॉक्टरच लिहितात, त्यांचं मनोविकारांचं शिक्षण तरी किती असतं? आणि सगळे मानसशास्त्रज्ञ एका बाजूला होते असंही नाही. बोलून उपचार करण्याची आपली परंपरा गोळ्यांखाली दबेल, ही धास्ती त्यांच्यातल्याच अनेकांना होती.

अमेरिकेच्या ताब्यातल्या, पण राज्य नसलेल्या गुआम बेटाने १९९८ मध्येच कायदा केला होता, पण राज्यांपुरतं पाहिलं तर पहिला मान २००२ मध्ये न्यू मेक्सिकोचा. तिथली विरळ वस्ती आणि मनोविकारतज्ज्ञांचा दुष्काळ यांनी जे साधलं, ते तात्त्विक युक्तिवादांना साधलं नसतं. २००४ मध्ये लुईझियाना आलं. गंमत म्हणजे तिथे पुढे या मंडळींची देखरेख मानसशास्त्र मंडळाकडून काढून वैद्यकीय मंडळाकडे सोपवली गेली. २०१४ मध्ये इलिनॉयने तडजोड म्हणून कायदा इतका आवळला की १७ वर्षांखालचे, ६५ वर्षांवरचे आणि गर्भवती रुग्ण बाहेरच राहिले. नंतर आयोवा, आयडाहो, कोलोरॅडो आणि २०२४ मध्ये युटा.

हे सरळ चढत गेलेलं नाही. ओरेगनमध्ये विधेयक दोनदा, २०१० आणि २०१७ मध्ये, विधिमंडळात पार पडलं आणि दोन्ही वेळा राज्यपालांनी ते नाकारलं. इनोयेंच्या हवाईतही २००७ मध्ये राज्यपाल लिंडा लिंगल यांनी नकाराधिकार वापरला. २०१२ मध्ये इनोये वारले, तेव्हाही त्यांच्या राज्यातल्या मानसशास्त्रज्ञांना राज्याच्या कायद्याने हा अधिकार मिळालेला नव्हता.