कोडी (ठाणे व नवी मुंबई परिसर)

कोडे : ओळखीच्या वस्तूचे, नावाचे किंवा संख्येचे मुद्दाम आडवळणाने केलेले वर्णन, त्यावरून ऐकणाऱ्याने मूळ वस्तू हुडकायची असते. कोडे ‘घालतात’ आणि ‘सोडवतात’ किंवा ‘उलगडतात’. ठाणे शहर, कल्याण-डोंबिवलीचा पट्टा आणि नवी मुंबई येथील मराठी भाषकांत करमणूक म्हणून चालणाऱ्या कोड्यांपुरती ही नोंद मर्यादित आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्हा डहाणू-तलासरीपर्यंत पसरलेला होता. जुन्या संदर्भांतील ‘ठाणे’ त्या व्याप्तीने वाचावे.

शब्द व व्युत्पत्ती : या एका प्रकारासाठी मराठीत कोडे, उखाणा, आहणा, उमाणे आणि कूट असे निदान पाच शब्द आहेत. ते समानार्थी मानले जात असले तरी त्यांची घराणी वेगळी आहेत.

‘कोडे’ हा शब्द संस्कृत ‘कूट’पासून आला असे सर्रास सांगितले जाते. दोन स्वरांमधल्या ‘ट’चा ‘ड’ होणे मराठीला नवे नाही (घोटक – घोडा). अडचण स्वराची आहे. ‘कूट’पासून ‘कूड’ किंवा ‘कुडे’ अपेक्षित होते. ‘ओ’ कोठून आला याचा उलगडा होत नाही. दुसरे मत प्राकृतातील ‘कोड्ड’ (कुतूहल, कौतुक) या देशी शब्दाकडे बोट दाखवते. ‘कोडकौतुक’ या जोडशब्दातील ‘कोड’ त्याच कुळातला मानला जातो. या मताने स्वर जुळतो आणि अर्थही फारसा ताणावा लागत नाही, म्हणून ते अधिक ग्राह्य वाटते. मात्र ‘कूट’ शब्दाचा मागाहून पडलेला प्रभाव नाकारता येत नाही. ‘कूटप्रश्न’ आणि ‘कोडे’ आज एकमेकांच्या जागी वापरले जातात, ते त्यामुळेच असावे.

‘उखाणा’ हा सामान्यतः ‘उपाख्यान’पासून व्युत्पादतात. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) त्याचा कोडे हा अर्थ येतो. गुजरातीतील ‘उखाणुं’ म्हणजेही कोडे. नेपाळीत मात्र ‘उखान’ म्हणजे म्हण, आणि कोड्याला ‘गाउँखाने कथा’ हे स्वतंत्र नाव आहे. यावरून मूळ अर्थ ‘सांगण्याजोगे छोटे वचन’ इतकाच व्यापक असावा आणि प्रत्येक भाषेने आपापला तुकडा उचलला असावा. मराठीत पुढे आणखी एक वळण आले. पतीचे नाव थेट न उच्चारण्याच्या रिवाजामुळे ते यमकात गुंडाळून सांगण्याची पद्धत पडली आणि त्या पद्यालाही ‘उखाणा’ म्हणू लागले. आधी नाव खरोखरच कोड्यासारखे दडवले जात असावे, मग दडवणे गेले आणि यमक उरले, असा तर्क करता येतो. आज ठाण्यात ‘उखाणा’ म्हटले की लग्न, डोहाळजेवण आणि हळदीकुंकू डोळ्यांपुढे येते, कोडे नव्हे. जुना भेद क्रियापदाने राखला आहे : उखाणा ‘घातला’ तर कोडे, ‘घेतला’ तर नाव.

‘आहणा’ हा वऱ्हाड-नागपूरकडे प्रचलित शब्द संस्कृत ‘आभाणक’ (म्हण, बोल) यापासून सिद्ध होतो. येथे ‘भ’चा ‘ह’ होणे नियमाला धरून आहे. ‘उमाणे’ व त्याचे ‘हुमाण’ हे रूप दक्षिण कोकण-गोव्याकडील आहे. ते ‘उपमान’शी जोडण्याचा मोह होतो, कारण कोडे म्हणजे उपमेय दडवलेली उपमाच असते. परंतु अर्थ इतका नेमका जुळतो तेव्हा व्युत्पत्तीविषयी थोडे सावध राहिलेले बरे.

पूर्वपीठिका : ऋग्वेदातील दीर्घतमसाचे सूक्त (१.१६४), यज्ञप्रसंगीचे ब्रह्मोद्य (कूट प्रश्नोत्तरे) आणि महाभारतातील यक्षप्रश्न ही या प्रकाराची प्राचीन उदाहरणे सर्वपरिचित आहेत. कामसूत्रातील चौसष्ट कलांत प्रहेलिकेचा (संस्कृतातील कोड्याचा) समावेश आहे. काव्यशास्त्राचे मत तिच्याविषयी फारसे चांगले नाही : प्रहेलिका रसाला आडवी येते म्हणून ती अलंकारच नव्हे, असे विश्वनाथ (सु. चौदावे शतक) म्हणतो. त्याच्या बऱ्याच आधीचा दंडी (सु. सातवे-आठवे शतक) अधिक व्यवहारी आहे. तो सोळा प्रकार सांगतो, पूर्वाचार्यांनी मोजलेल्या चौदा सदोष प्रकारांचीही नोंद घेतो आणि प्रहेलिकेचे तीन उपयोग देतो : गोष्टींमधील विनोद, गर्दीत जाणकारांशी गुप्त बोलणे आणि दुसऱ्याला गोंधळात पाडणे. लोकलच्या डब्यात कोडे घालणाऱ्याचा हेतू यांपैकी पहिला असतो की तिसरा, हे डब्यावर अवलंबून आहे. मराठी संतवाङ्मयातील कूट अभंग, उदाहरणार्थ आकाशी उडून सूर्य गिळणाऱ्या मुंगीचा मुक्ताबाईंचा अभंग, रचनेने कोडेच आहेत. पण तेथे उत्तर सांगून खेळ संपत नाही, म्हणून ते येथे बाजूला ठेवले आहेत.

लोककोडी : रॉबर्ट जॉर्जेस व ॲलन डंडस या अमेरिकी लोकसाहित्य-अभ्यासकांनी १९६३ मध्ये कोड्यांची विरोध असलेली आणि विरोध नसलेली अशी विभागणी केली. ती मराठी कोड्यांना चांगली लागू पडते. ‘बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे’ (दात व जीभ) किंवा ‘सूपभर लाह्या, मधे रुपया’ (चांदण्या व चंद्र) यांत विरोध नाही, केवळ रूपक आहे. ‘काळी गाय काटे खाय, पाण्याला बघून उभी राय’ यात मात्र गाय काटे खाते आणि पाणी पाहून थबकते, ही दोन्ही वागणी गाईला न शोभणारी आहेत. तो विरोध ‘वहाण’ या उत्तराने मिटतो. चामड्याची वहाण पाण्यापाशी काढून हातात घेत, हे ठाऊक असेल तरच. रबरी चपला पाण्यात खुशाल शिरतात. ‘तीन पायांची तिपाई, वर बसला शिपाई’ (चूल व तवा) याचीही हीच गत. घोडबंदर रस्त्यावरच्या इमारतीत वाढलेल्या मुलाला ते अवघड जाते ते बुद्धी कमी म्हणून नव्हे; चूलच त्याच्या घरात नाही. याउलट ‘हिरवी पेटी काट्यात पडली, उघडून पाहिली तर मोत्यांनी भरली’ हे भेंडीचे कोडे आजही पहिल्या झटक्यात सुटते, भाजी आवडो न आवडो.

एक बाब येथे विशेष लक्ष देण्याजोगी आहे. अनेक कोड्यांची सुरुवात कोकणाने होते : ‘कोकणातनं आली सखी, तिच्या मानेवर दिली बुक्की, तिच्या घरभर लेकी’ (लसूण). कोकणातून कोणीतरी ‘येणे’ हा घाटावरचा दृष्टिकोन आहे. ठाणे स्वतः उत्तर कोकणात मोडते, तरी तेथेही कोडे याच शब्दांत घातले जाते. ही कोडी घाट उतरून आलेल्या कुटुंबांबरोबर आली असावीत, किंवा ‘कोकण’ हा शब्द केवळ दूरच्या मुलखाची खूण बनला असावा. पहिली शक्यता अधिक स्वाभाविक दिसते. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यावर वसत गेलेल्या नवी मुंबईत तर घाटमाथ्यावरची, वऱ्हाडातली आणि तळकोकणातली कुटुंबे एका जिन्यावर आली. कोपरखैरणे-घणसोलीकडे सातारा भागातून आलेल्या माथाडी कामगारांची मोठी वस्ती आहे. त्यामुळे उखाणा, आहणा आणि हुमाण हे तिन्ही शब्द एकाच मजल्यावर ऐकू येणे शक्य झाले.

या भागातील मूळ रहिवासी असलेल्या आगरी-कोळी समाजाच्या बोलीत ‘ड’च्या जागी ‘र’ (झाड – झार, घोडा – घोरा) आणि ‘ण’, ‘ळ’ यांच्या जागी ‘न’, ‘ल’ येतात. यमकावर उभे असलेले कोडे या बोलीत आले की काही यमके तुटतात आणि काही नव्याने जुळतात.

खिरापत ओळखणे : आश्विनातील भोंडल्यात (हादग्यात) गाणी संपली की झाकलेल्या डब्यात काय आहे ते ओळखण्याचा खेळ होतो. त्याला कोणी कोडे म्हणत नाही, पण तर्काचे सगळे नियम येथे पाळले जातात. आधी ‘गोड की तिखट?’, मग ‘कोरडे की ओले?’, मग ‘तळलेले की भाजलेले?’ असे प्रत्येक प्रश्नाला निम्मे पर्याय गळत जातात. शेवटी डबा हलवून आवाज ऐकण्याची मुभा असते. यजमानीण कसलेली असेल तर आवाज न करणारी खिरापत निवडते. वड्या ठासून भरल्या की डबा मुका होतो. काही घरांत दर दिवशी खिरापतींची संख्या एकेकाने वाढते, तेव्हा ओळखणाऱ्यांची खरी कसोटी लागते.

गणिती कोडी : तोंडी हिशेबाची जी कोडी भारतभर फिरतात त्यांपैकी एक तळ्यांच्या ठाण्याला शोभणारे आहे. तीन देवळे, प्रत्येक देवळापुढे एक तळे. तळ्यात बुडवली की परडीतली फुले दुप्पट होतात. प्रत्येक देवळात सारखीच फुले वाहिली आणि तिसऱ्या देवळात परडी रिकामी झाली, तर आरंभी फुले किती? लहानात लहान उत्तर : सात फुले, दर देवळात आठ (७ – १४ – ६ – १२ – ४ – ८ – ०). देवळे चार केली तर पंधरा व सोळा. मोठी माणसे क्ष मांडतात. मुले शेवटच्या देवळापासून उलटी चालत येतात, दुपटीच्या जागी निम्मे करतात, वाहिलेली फुले परत परडीत घालतात. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) हीच रीत व्यस्तविधी म्हणून दिली आहे. मासुंदा तळ्याकाठी कोपिनेश्वराचे देऊळ आहे, परंतु म्हणून हे कोडे ठाण्यातच जन्मले असे मानण्याचे कारण नाही.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांच्याबाबत मात्र स्थानिक दावा पक्का आहे. त्यांचा जन्म डहाणूचा, म्हणजे तत्कालीन ठाणे जिल्ह्यातला. माध्यमिक शिक्षण ठाण्यात झाले आणि अंककोडी सोडवण्याचा नाद तेथेच लागला. पुढे १९३० ते १९६२ ते देवळालीला शाळाशिक्षक होते. ६१७४ या त्यांच्या स्थिरांकाची घोषणा १९४९ ची : सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी आणि हीच क्रिया पुन्हा करत राहावे, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. ३५२४ घेतल्यास ५४३२ – २३४५ = ३०८७, ८७३० – ०३७८ = ८३५२, ८५३२ – २३५८ = ६१७४. अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या गणिती सदरात दखल घेतली तेव्हा हे नाव जगभर गेले.

या परिसराच्या दृष्टीने त्यांच्या ‘डेम्लो’ संख्या अधिक महत्त्वाच्या. डेम्लो संख्येचे तीन भाग असतात; कडेच्या दोन भागांची बेरीज केली की मधला, एकच अंक पुन्हा पुन्हा येणारा भाग मिळतो : १६५ (१ + ५ = ६), २५५३ (२ + ३ = ५). ११, १११, ११११ यांचे वर्ग (१२१, १२३२१, १२३४३२१) यांना त्यांनी अद्भुत डेम्लो संख्या म्हटले. नऊ एककांपर्यंत ही चढउतार टिकते. दहाव्याला हातचा येतो आणि डौल मोडतो. हे नाव मुंबईपासून ३० मैलांवरच्या, जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला, आजची मध्य) रेल्वेवरील ‘डेम्लो’ या स्थानकाचे. तेथे ही कल्पना सुचली. हे स्थानक म्हणजे डोंबिवली, असे चरित्रपर टिपणे सांगतात. दोन नावांच्या ध्वनींत बरेच अंतर आहे, ड-म-ल एवढाच सांगाडा जुळतो. पण मैलांचा हिशेब ओळख पक्की करतो. मुंबईपासून ठाणे २१ मैल, कल्याण ३३-३४ मैल. डोंबिवली ४८ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ ३० मैल. शेजारचे ठाकुर्ली अंतराने जवळ असले तरी उच्चाराने फार लांब आहे. तेव्हा प्रचलित मत स्वीकारण्यास हरकत नाही.

शब्दकोडी : आधुनिक शब्दकोडे आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ च्या न्यूयॉर्क वर्ल्डमध्ये प्रथम छापले. मराठीत ते रुळताना एक अडचण आली : एका चौकटीत काय ठेवायचे? इंग्रजीत अक्षर, मराठीत काना-मात्रा-जोडाक्षरासह पूर्ण अक्षर. त्यामुळे मराठी शब्दकोड्यात आडव्या आणि उभ्या शब्दांना वेलांटीसकट जुळावे लागते, आणि तीन-चार घरांचे शब्द फार येतात. बक्षिसाच्या शब्दकोड्यांची लाट स्वातंत्र्यानंतर इतकी वाढली की १९५५ मध्ये केंद्राने बक्षीस स्पर्धांविषयी कायदा केला. महिन्याला हजार रुपयांहून अधिक बक्षिसाच्या स्पर्धांवर त्याने बंदी घातली. ज्या स्पर्धांत यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असते त्यांना हा कायदा लागू नाही, असा निर्वाळा १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. कोडे सोडवणे हे कौशल्य की नशीब, हा वाद एरवी डब्यातच मिटला असता.

सुडोकू हे नाव जपानी असले तरी कोडे अमेरिकी आहे (१९७९). लंडनच्या टाइम्सने नोव्हेंबर २००४ मध्ये छापल्यावर ते जगभर पसरले आणि मराठी दैनिकांच्या पानांवरही आले. लिपीची अडचण नसल्याने ठाणे-मुंबई प्रवासात ते शब्दकोड्यापेक्षा सहज हातोहात फिरते. शालेय पातळीवर शिष्यवृत्ती परीक्षेतील बुद्धिमत्ता चाचणीमुळे (२०१६-१७ मध्ये ही परीक्षा चौथी-सातवीऐवजी पाचवी-आठवीला नेण्यात आली होती) आरशातली घड्याळे, नातेसंबंध आणि गटात न बसणारे पद ही कोडी घराघरांत पोहोचली. ती करमणूक राहतात की गृहपाठ होतात, हे परीक्षा किती दिवसांवर आहे त्यावर ठरते.