पार्श्वभूमी : दीक्षेनंतर जातीचा दाखला

येत्या जनगणनेत धर्माबरोबर जातही नोंदवली जाणार आहे. 'धर्म बौद्ध लिहा, पण जातीपुढे काय लिहायचं?' ही चर्चा महाराष्ट्रातल्या बौद्ध घरांत नवी नाही. बाबासाहेब आंबेडकरांची येवल्याची घोषणा, १९५६ ची नागपूरची बौद्ध दीक्षा आणि २२ प्रतिज्ञा इथल्या वाचकाला सांगायला नकोत. दीक्षेच्या दुसऱ्या दिवसापासून सरकारी कागदावर काय घडत गेलं, ते मात्र फार कमी सांगितलं जातं.

घरात घडलं ते लगेच घडलं. देव्हाऱ्यातले देव नदीत, विहिरीत सोडले गेले. मेलेली ढोरं ओढायला गावोगाव नकार दिला गेला आणि त्यापायी बलुतं तुटलं, बहिष्कार सोसावा लागला. मुहूर्त न पाहता, पांढऱ्या कपड्यांत, त्रिसरण-पंचशील म्हणून लग्नं लागू लागली. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९५१ साली बौद्धांची नोंद जेमतेम अडीच हजारांची होती. १९६१ साली ती २७ लाख ८९ हजारांवर गेली. जगात इतक्या कमी काळात, इतक्या शांतपणे इतक्या माणसांनी धर्म बदलल्याची उदाहरणं थोडी आहेत.

कागदाची गोष्ट १० ऑगस्ट १९५० पासून सुरू होते. आरक्षणासाठी कोणत्या जाती धरायच्या हे ठरवणाऱ्या, त्या दिवशीच्या अनुसूचित जाती आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदात, हिंदूखेरीज अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही, अशी अट होती. पंजाबातल्या काही शीख जातींना तेव्हाच सूट मिळाली आणि १९५६ साली ती सगळ्या शिखांना लागू झाली. त्याच वर्षी नागपूरला दीक्षा घेतलेल्यांना मात्र ती मिळायला १९९० उजाडलं. मधली ३४ वर्षं म्हणजे एक आख्खी पिढी.

या अटीचा खरा पेच १९६२ च्या निवडणुकीनंतर उघड झाला. विदर्भातल्या एका राखीव मतदारसंघातून निवडून आलेल्या उमेदवारानं बौद्ध धर्म स्वीकारला आहे, म्हणून त्याची निवड रद्द करा, अशी तक्रार झाली. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. धर्म 'मानणं' म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न होता. न्यायालयाचं उत्तर असं, की माणसानं जुना धर्म सोडून नवा घेतल्याचं लोकांसमोर जाहीर केलं की पुरे. धर्मांतर विधिवत पूर्ण झालं की नाही, हे खोदत बसण्याचं कारण नाही. निवड रद्द झाली. कायद्याच्या शब्दाला धरून हा निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. पण त्याचा अर्थ गावपातळीवर असा झाला, की जो उघडपणे बौद्ध झाला त्याचा हक्क गेला आणि जो घरात वंदना म्हणून कचेरीत 'हिंदू महार' लिहीत राहिला त्याचा टिकला. श्रद्धेच्या प्रामाणिकपणावर बसवलेला दंडच होता तो. शिवाय विवाह आणि वारसाच्या कायद्यांत हाच बौद्ध 'हिंदू' या व्याख्येत मोडत होता, आजही मोडतो. लग्नापुरता हिंदू आणि सवलतीपुरता परका, हा न्याय कसा?

साठच्या दशकात राज्य सरकारनं शिक्षणात आणि आपल्या नोकऱ्यांत 'नवबौद्धां'ना सवलती दिल्या. रेल्वे, टपाल, केंद्राच्या नोकऱ्या आणि राखीव मतदारसंघ त्याबाहेरच राहिले. म्हणून कित्येक आईबापांनी शाळेत मुलाचं नाव घालताना धर्माच्या जागी 'हिंदू' लिहिलं. त्यांना दुटप्पी म्हणणाऱ्यांनी त्यांच्यापुढे दुसरा मार्ग कोणता होता, ते सांगावं.

१९९० च्या दुरुस्तीनं केंद्राचं दार उघडलं, तरी मागचे कागद तसेच राहिले. आजही दाखला काढताना १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांनी जी जात नाकारण्यासाठी दीक्षा घेतली, तीच जात त्यांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर किंवा गावातल्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीच्या, म्हणजे कोतवाल बुकाच्या, नकलेत नातवाला शोधावी लागते. ती सापडली नाही तर पडताळणी अडकते, आणि त्याबरोबर प्रवेशही.

२०११ च्या जनगणनेआधी 'धर्माच्या रकान्यात बौद्धच लिहा' अशा मोहिमा वस्त्यावस्त्यांत झाल्या. त्या गणनेत राज्यात ६५ लाखांहून अधिक बौद्ध नोंदले गेले, त्यांतले सुमारे ५२ लाख अनुसूचित जातींचे म्हणून. दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिमांना अजून ही दुहेरी नोंद करता येत नाही. त्यांच्या मागणीचा विचार करण्यासाठी केंद्रानं २०२२ साली आयोग नेमला आणि पुढे त्याला मुदतवाढही दिली. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयानं पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात, ख्रिस्ती धर्म आचरून केवळ आरक्षणासाठी हिंदू म्हणवून घेणं मान्य केलं नाही. त्या निकालातला युक्तिवाद वाचताना साठ वर्षांपूर्वीची विदर्भातली ती निवडणूक आठवते. आदेशाचा तिसरा परिच्छेद, दोन दुरुस्त्यांसह, आजही जागेवर आहे.